दगडूची गरम पेटी : दोन हिवाळे वापरून झाल्यावर

आधी पैसे सांगते, कारण विचारणारा प्रत्येक जण फिरून फिरून तिथेच येतो. पेटी, आतला थर्माकोल, दाराच्या पट्ट्या, कंट्रोलर आणि मजुरी धरून सोळा हजार दोनशे. तेलाचा हीटर वेगळा, तो मी बाजारातून साडेसात हजारांना आणला. म्हणजे एका कासवाच्या झोपायच्या खोलीला जवळपास पावणेचोवीस हजार. आमच्या ह्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "आपलं लग्न ह्याच्यात दोनदा झालं असतं. जेवणावळीसकट."

झालं असतं, खरं आहे. पण त्या वर्षीच्या भावाने.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. परभणीत जिंतूर रोडच्या बाजूला आमचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा. दगडू माझ्या भाच्याचा. भाचा पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्याने तळहाताएवढं पिल्लू आणलं, मग त्याला बाहेरची नोकरी लागली आणि तो गेला जर्मनीला. कासव आलं माझ्याकडे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या घरात अशी खरी झाली.

दगडू सुलकाटा जातीचा आहे. त्याचं मूळ गाव सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर, साहेलच्या पट्ट्यात. आज वजन चौदा किलो, पाठीची लांबी दीड फुटाला थोडी कमी. ही जात पुढे चाळीस-पन्नास किलोंपर्यंत जाते, म्हणून पेटीचं माप घेताना आजचं कासव मोजू नका. भाच्याने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केली होती, २०२४ च्या नियमांप्रमाणे ती करावीच लागते, आणि इकडे आल्यावर ती माझ्या नावावर करून घेतली. हे मुद्दाम लिहिते आहे. विहिरीत नाहीतर ओढ्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव, किंवा चोरून विकतात ते पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 'बाई, आमच्याकडेपण आहे एक, त्याला पेटी करून द्या' असं सांगत दोघं आले होते. त्यांना पेटीचा पत्ता दिला नाही, वन विभागाचा दिला.

आता थंडी. परभणीची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. दुपारी अंगणात उभं राहिलं की ऊन चटके देतं, अठ्ठावीस-एकोणतीस अंश. आणि पहाटे नळाला हात लावला की बोटं बधिर. माझ्या अंगणातल्या थर्मामीटरवर गेल्या हिवाळ्यात सगळ्यात खाली गेलेला आकडा ६.४. एका दिवसात वीस-बावीस अंशांचा चढउतार. माणूस स्वेटर घालतो, कुत्रं चुलीपाशी जातं. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, बाहेर जेवढी असेल तेवढीच त्याची. रात्री ते गारठलं की पोटात गेलेलं गवत पचायचं थांबतं, आणि गारठ्याबरोबर ओल असली की फुफ्फुसं धरतात.

'कासव थंडीत झोपतंच की बाई, सोडा त्याला' हे मला निदान वीस जणांनी सांगितलं. झोपतात काही जाती. रशियन, हर्मन वगैरे थंड मुलखातली कासवं महिने महिने झोपून काढतात. सुलकाटा झोपत नाही. त्याच्या गावाला तशी थंडीच नसते, त्यामुळे ती सोय त्याला मिळालेली नाही. तो गारठून निपचित पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झोपला.

पेटी यायच्या आधीच्या हिवाळ्यात मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळं चुकलेलं आहे. दिवाळीनंतर दगडूने कुंपणाशी बीळ खोदायला घेतलं. मला कौतुक वाटलं. त्याच्या देशात ही कासवं खोल बिळं करतात आणि ऊन-थंडी दोन्ही चुकवतात. पण ती कोरडी माती. आपली काळी कसदार माती पावसाळ्याची ओल पोटात धरून बसते, सुकली की भेगाळते, वरून भिजली की फुगून ढासळते. तिसऱ्या रात्री बिळाचं तोंड बसलं. सकाळी मी आणि शेजारचा मुलगा फावड्याने त्याला उकरून काढत होतो आणि आत्याबाई ओट्यावरून, "देवाला कुदळ लावू नका गं," म्हणून ओरडत होत्या. अंगाला हात लावला तर माठासारखा गार.

मग बाथरूम. चार रात्री. पाचव्या पहाटे त्याने वॉशिंग मशीन भिंतीपासून हातभर सरकवलं.

मग लाल दिवा. कोंबडीच्या पिलांना लावतात तो अडीचशे वॅटचा. कडब्याच्या पेंढ्या रचून, वर पत्रा टाकून खोपटं केलं आणि आत दिवा टांगला. ही चूक बहुतेक सगळे करतात म्हणून जरा थांबून सांगते. पिल्लू इवलंसं असतं, दिव्याखाली ते सगळंच्या सगळं तापतं. एवढ्या मोठ्या कासवाची फक्त पाठ तापते. मी पाठीवर थर्मामीटर ठेवून पाहिलं, ४४ अंश. खाली पोटाशी हात घातला तर फरशी गारच. पाठ भाजते आहे आणि पोट गारठलेलं, असं रात्रभर. वर अंगातली ओल पाठीतून सुकत जाते. आणि वाळलेल्या कडब्यात जळता दिवा टांगून मी झोपायला जात होते, हे आता लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो. जानेवारीत दगडूच्या नाकातून बुडबुडे यायला लागले, मान लांब करून तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी आत नेताच पहिला प्रश्न विचारला, "रात्री कुठं असतो हा?" मी जे उत्तर दिलं त्यावर ते काही बोलले नाहीत. मी तीस वर्षं मुलांकडे तसंच बघत आले आहे, त्यामुळे ते बघणं मला कळलं.

तर ही पेटी.

गंगाखेड रोडला एक मिस्त्री अंडी उबवायच्या मशीन बनवतो. पन्नास अंड्यांची, शंभरची, पाचशेची. गावरान कोंबड्या पाळणारे आसपासच्या गावांतून त्याच्याकडे येतात. माझ्या जुन्या शाळेतल्या एका सरांनी त्याच्याकडून मशीन घेतलं होतं. मी विचार केला, जो माणूस अर्ध्या अंशाच्या फरकात एकवीस दिवस अंडी सांभाळतो, त्याला एक कासव का जमू नये? पोपट-मांजरांच्या सामानाच्या दुकानांत चौकशी केली तर एका ठिकाणी मला माशांच्या टाकीचा हीटर दाखवला होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मागे पडलेला जुना फ्रिज दाखवला. "हे आडवं टाकू. भिंतीत फोम हायेच, आयतं काम." कल्पना वाईट नव्हती. तो छोट्या मशीन अशाच भंगारातल्या फ्रिजांच्या करतो आणि त्या चांगल्या चालतात. पण फ्रिजची आतली रुंदी दीड फुटाच्या आसपास, दगडू आत गेला असता आणि वळला नसता. मग प्लायवूडवर आलो.

पेटी चार फूट बाय चार फूट, उंची दोन फूट. बाहेरून १८ मिलीमीटरचा प्लाय, मध्ये ५० मिलीमीटर जाडीचा थर्माकोल, आतून पुन्हा पातळ प्लाय. हा आतला प्लाय मी भांडून लावून घेतला. तो म्हणत होता थर्माकोल उघडा ठेवू, पैसे वाचतील. उघडा थर्माकोल दगडूने आठवड्यात खाल्ला असता. तो प्लास्टिकच्या मगाचा कानसुद्धा चावून बघतो. पेटी खाली विटांवर उचललेली, वर उतरता पत्रा. दार म्हणजे चौदा इंच रुंदीची मोकळी जागा आणि त्यावर पारदर्शक पीव्हीसीच्या जाड पट्ट्या, शीतगृहाच्या दाराला असतात तशा, एकावर एक अर्ध्या चढवलेल्या. दाराचं तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन पट्ट्यांवर पडतं.

कारागिरीला शंभरपैकी सत्तर गुण. कोपरे काटकोनात आहेत, सांध्यांना सिलिकॉन नीट भरलं आहे, स्क्रू गंजलेले नाहीत. तीस कापले ते खालच्या चौकटीसाठी. वरचा प्लाय वॉटरप्रूफ लावला आणि खाली, जिथे खरी ओल येते, तिथे साधा. पेटीच्या पहिल्याच हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला आणि कड पुरणपोळीसारखी फुगली. विचारलं तर म्हणाला, "खाली कोण बघतं, बाई?" ओल बघते, बाबा. त्याने ती कड फुकट बदलून दिली, पण माझ्या तीन चकरा झाल्या.

आता हीटरचं रामायण. मी आधी रिमोटचा, आकडे दाखवणारा तेलाचा हीटर आणला होता. दिसायला झकास. पेटीत लावला, कंट्रोलरला जोडला, संध्याकाळी सहाला सुरू. पहाटे पाचला बघते तर पेटीत १३ अंश. झालं असं, की कंट्रोलर हीटरची वीज तोडतो आणि जोडतो, त्याचं कामच ते. पण आकड्यांचा हीटर एकदा वीज गेली की पुन्हा आल्यावर आपणहून चालू होत नाही, कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतो. दुकानदाराने तो परत घ्यायला नकार दिला. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच, मी विचारलं नव्हतं. तो हीटर आता आत्याबाईंच्या खोलीत आहे आणि रिमोट त्यांच्या उशाखाली. दगडूसाठी दुसरा आणला, साध्या गोल खटक्यांचा, नऊ फण्यांचा. त्याला ८००, १२०० आणि २००० वॅट अशा पायऱ्या आहेत. आठशेवर ठेवायचा, त्याचा स्वतःचा तापमानाचा खटका पूर्ण वर करून सोडायचा, आणि पुन्हा हात लावायचा नाही. बाकीचं कंट्रोलर बघतो. घेणार असाल तर खटक्यांचाच घ्या.

तो घरी आणल्यावर कळलं की त्याची उंची दोन फुटांच्या वर आहे. पेटी दोन फूट. मिस्त्री म्हणाला, आडवा ठेवू. तेलाचा हीटर आडवा ठेवून चालवायचा नसतो, आतली कॉईल तेलाबाहेर येते आणि कोरडी तापते. हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं आणि आम्हा दोघांपैकी वाचायची सवय एकीलाच होती. शेवटी पेटीच्या एका कोपऱ्यावर छप्पर कापून पाऊण फुटाची टोपी बसवली. दुरून बघितलं की पेटी डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईसारखी दिसते. हीटरसमोर विटांची कोरडी भिंत रचली आहे, दगडूने धडक मारू नये म्हणून. वॉशिंग मशीनचा अनुभव होताच.

कंट्रोलर म्हणजे एसटीसी-१००० नावाचा, हाताच्या मुठीएवढा काळा डबा. उबवणीवाल्यांच्या जगात तो सगळीकडे असतो. वायरीच्या टोकाला एक छोटी नळी, ती तापमान बघते. ठरवलेल्या आकड्याला पोचलं की हीटर बंद, खाली उतरलं की चालू. चार सेटिंग, एफ-१ ते एफ-४, 'एस' बटण तीन सेकंद दाबून धरलं की उघडतात. एफ-१ म्हणजे हवं ते तापमान. एफ-२ म्हणजे किती उतरू द्यायचं. येताना तो अर्ध्या अंशावर असतो, आणि तसाच ठेवला तर रात्रभर टक-टक, टक-टक, आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, झिजतो. मी २ वर ठेवला. एफ-१ ला २८. म्हणजे २६ ला चालू, २८ ला बंद. एफ-३ थंड करणाऱ्या मशीनसाठी आहे, सोडून द्या. एफ-४ ने आकड्यातली चूक सुधारते. बर्फाचा चुरा आणि पाणी कालवून त्यात नळी बुडवली, शून्य दिसायला हवं होतं, १.१ दिसलं. तेवढं वजा केलं.

ह्याच डब्यावरून आमचा वाद झाला. मिस्त्रीने पेटी आणली तेव्हा कंट्रोलर साडेसदतीसवर लावलेला होता.

"हे कासव आहे, अंडं नाही," मी म्हटलं.

"बाई, आंड्याला साडेसदतीस लागते. एवढ्या मोठ्या जिवाला कमी काहून?"

"त्याला उबवायचं नाही. तो निघून सात वर्षं झाली."

हसला, पण मनातून पटलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट त्याने सवयीने केली होती: नळी छताला टांगली होती. अंड्यांच्या मशीनमध्ये छोटा पंखा हवा ढवळत असतो, म्हणून नळी कुठेही चालते. इथे पंखा नाही, आणि मला नको होता, कोरडी हवा सतत अंगावर नको. मग गरम हवा वर जाऊन बसली. कंट्रोलर सांगतोय २७, मी खाली फरशीवर थर्मामीटर ठेवला, १९. कासव छताला लटकून झोपत नाही. नळी खाली, दगडूच्या पाठीच्या उंचीवर, हीटरच्या समोरच्या भिंतीला आणली. दोन ठिकाणी दोन थर्मामीटर ठेवून तीन रात्री वहीत नोंदी केल्या, तेव्हा कुठे खालीही २६ आणि वर ३० असं बसलं.

नळी खाली आली आणि दुसरं संकट तयार झालं, कारण आता ती दगडूच्या टप्प्यात होती. डिसेंबरातली गोष्ट. रात्री अकराला मी पाणी प्यायला उठले तर मागच्या वाटेवर दिव्याच्या उजेडात दगडू बसलेला. बाहेर बारा अंश. मला वाटलं पेटी बंद पडली. पट्ट्यांत हात घातला तर आतून भट्टीच्या तोंडासारखी वाफ, गरम प्लायचा वास. ४१ अंश. दगडूने वायर ओढून नळी पायाशी पट्ट्यांबाहेर आणली होती. नळी बिचारी बाहेरची थंडी मोजत होती आणि कंट्रोलर हीटरला सांगत होता, चालव, अजून चालव. नळी तुटली तर हा डबा शहाणपणाने वागतो, 'ईई' दाखवतो, ओरडतो आणि सगळं बंद करतो. पण नळी शाबूत आहे आणि चुकीच्या जागी आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्या रात्री पट्ट्यांऐवजी कडी-कोयंड्याचं दार असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. आल्या आल्या मी ओरडले, त्याने ऐकून घेतलं, आणि मग जे काम केलं त्याला मी शंभरपैकी पंचाण्णव देते. नळीवर लोखंडी जाळीची डबी ठोकली, वायर भिंतीच्या आतून घेतली, आणि हीटरच्या वाटेत दुसरा एक साधा थर्मोस्टॅट बसवला, तो छताजवळ, ३६ वर. पहिला काहीही म्हणो, छताशी ३६ झाले की वीज तुटते. रिले चिकटून बसला तरी हा दुसरा आहे. ह्याचे त्याने फक्त चारशे घेतले. घराबाहेर वीज नेताय म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा खटका) आणि मीठ-कोळशाचं खरं अर्थिंग मात्र तुमच्या वायरमनकडून करून घ्या. पेटीवाला ते करत नाही, आणि 'अर्थिंग काढलंय' असं तो म्हणाला तेव्हा त्याने काढलेली तार तुळशीच्या कुंडीत खोचलेली होती.

विजेचं बिल. वेगळा छोटा मीटर लावून पाहिलं. कडाक्याच्या रात्री अडीच युनिट, साध्या रात्री पावणेदोन. महिन्याला साधारण सातशे रुपयांची भर. आठशे वॅटचा हीटर तेरा तास सलग चालला तर दहा युनिट जातील, म्हणजे तो रात्रीतला जेमतेम पाव वेळ चालू असतो. बाकीचा वेळ थर्माकोल आणि पट्ट्या काम करतात. गेल्या महिन्यात एक पट्टी तुटून पडली आणि चार दिवस मी दुर्लक्ष केलं, तर मीटर रात्रीला चारवर गेला. एक फूटभर पट्टीने! साठ रुपयांची. ज्यांना हीटर किती वॅटचा घेऊ असा प्रश्न पडतो त्यांनी आधी दाराकडे बघावं.

लाईट गेल्यावर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही, नाद करू नका. पेटीच्या तळाला थर्माकोलवर मी शहाबादी फरशी टाकून घेतली होती, ती इथे उपयोगी पडते. फरशी रात्रभर ऊब पिऊन असते. एका पहाटे मुद्दाम हीटर बंद करून बघितलं: बाहेर दहा अंश होते, दोन तासांत पेटी २७ वरून साडेबावीसवर आली. एवढं दगडूला चालतं. त्याहून जास्त वेळ लाईट नसली तर दहा लिटरचा दुधाचा कॅन. भगुण्यात पाणी तापवायचं, कॅनमध्ये ओतायचं, झाकण घट्ट लावायचं, जुन्या वाकळेत गुंडाळून विटांमागे ठेवायचा. पहाटेपर्यंत कोमट असतो. पहिल्यांदा मी गॅसवर चार तांबे पाणी तापवताना ह्यांनी विचारलं, आंघोळ का एवढ्या रात्री? कुणाची ते सांगितल्यावर गप्प बसले आणि कॅन उचलायला आले.

कासवाला पेटीची सवय लावणं हा वेगळा विषय, पण पेटीवाला त्याबद्दल काही सांगत नाही म्हणून लिहिते. पट्ट्या दिसल्या की दगडू थबकायचा. हलतं काहीतरी अंगावर येतंय. मी सगळ्या पट्ट्या सुतळीने वर बांधल्या, आत थोडी हरळी आणि निवडुंगाचं एक पान ठेवलं, आणि रोज एक पट्टी सोडत गेले. दहा दिवस संध्याकाळी मागून ढकललं, कंबर धरली माझी. अकराव्या दिवशी साडेपाचला तो स्वतः निघाला, वाटेतली माझी चप्पल बाजूला सारली आणि आत गेला. तेव्हापासून रोज साडेपाच. सूर्य वर आल्यावर, पट्ट्यांवर ऊन पडलं की बाहेर. दिवसभर तो अंगणातच असतो, आपल्याकडच्या दुपारी त्याला कसलीही पेटी लागत नाही.

ह्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका मागे गेल्या आणि परत येईपर्यंत दगडूच्या पाठीवर हळदकुंकू, तिळाचा एक लाडू आणि पाच रुपयांचं नाणं. महादेवाच्या देवळात दगडाचं कासव असतं, इथे जिवंत आहे, मग हात जोडले जातातच. लाडू मी काढून घेतला, त्याला गोड चालत नाही. नाणं अजून पेटीवर आहे.

आणखी तक्रारी आहेत. तळाला पाणी जायला भोक नव्हतं, आणि कासव मुततं किती हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. मी सांगितल्यावर अर्ध्या इंचाचं भोक पाडून दिलं, पण फरशीचा उतार उलट्या बाजूला, त्यामुळे रोज सकाळी खराटा आणि मग फडकं. दुसऱ्या हिवाळ्यात टोपीच्या सांध्यातून मुंग्यांनी थर्माकोलमध्ये घर केलं. आत्याबाईंनी हळदीची रेघ ओढली, मिस्त्रीने सिलिकॉन भरलं. श्रेय दोघंही घेतात. आणि पेटी जड आहे, चार माणसांशिवाय हलत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी विचार करून घ्यावी.

दोन-तीन किलोंच्या आतलं पिल्लू असेल तर ही पेटी घेऊच नका, त्याला घरातच ठेवा. एवढ्या मोठ्या जागेत ते हरवेल, विटांच्या फटीत अडकेल.

दोन हिवाळ्यांत दगडूच्या नाकाला बुडबुडा आलेला नाही. जानेवारीतही रोज खातो. आधीच्या वर्षी दीड महिना त्याने तोंड फिरवलं होतं.

मिस्त्रीने आता ह्या मापाच्या पेटीचा दर अठरा हजार केला आहे, खालचा प्लाय वॉटरप्रूफ धरून, टोपी आधीच काढून. मी ह्या वर्षीच्या पट्ट्या बदलायला आणि उतार दुरुस्त करायला फोन केला तर म्हणाला, "दिवाळीच्या आदी सांगा बाई. मागून मला येळ नाही, मशीनीच्या आर्डरी हायेत." मग जरा थांबून विचारलं, "ते अजून अठ्ठावीसवरच ठेवू लागलात का?"